एका मिनिटाचं मार्जिन

मला धीर म्हणून नाही, लहानपणापासून नाही. चहा गार व्हायची वाट न पाहिल्यामुळे जीभ भाजलेली, सिग्नल सुटायच्या आत गाडी काढल्यामुळे दोनदा पावती फाटलेली, आणि पंगतीत ताक यायच्या आत हात धुवायला उठलेला असा मी माणूस. असल्यानं तो खेळ खेळायला घ्यावा हाच मुळात गाढवपणा होता, कारण त्या खेळात वाट पाहण्याखेरीज फारसं काही करायचंच नव्हतं.

नवं शतक लागून पाच-सहा वर्षं झाली होती. मी नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होतो, पहिली पाळी. साडेतीनला सुटलो की चारला सिडकोतल्या घरी. घरात नुकतंच फोनच्या तारेवरचं इंटरनेट आलं होतं आणि त्यावर मला हा लढाईचा खेळ सापडला. नकाशावर चौकोनच चौकोन, एकेका चौकोनात एकेकाचं गाव. गाव वाढवायचं, सैन्य उभं करायचं, दुसऱ्याच्या गावावर पाठवायचं. इथवर सोपं. पण पाठवलेलं सैन्य तिथं लगेच पोचत नसे. ते चालत जाई, खऱ्या तासांनी. घोडेस्वार तासाला चौदा चौकोन, पायदळ सहा, आणि तटबंदी फोडणारे दगडफेकीचे गाडे तासाला तीन. सगळ्यांना एकत्र पाठवलं तर सगळे सर्वांत हळू चालणाऱ्याच्या वेगानं. घोडे दिमतीला असूनही गाड्यांच्या मागून रखडत जायचं. पडद्यावर उलटं घड्याळ: सात तास, बारा मिनिटं, चाळीस सेकंद. एकोणचाळीस. अडतीस.

मी ते घड्याळ बघत बसायचो. अंगात नुसत्या मुंग्या यायच्या. उठून बाईक काढायचो, गंगापूर रोडला धरणापर्यंत जाऊन यायचो, घामाघूम होऊन पुन्हा बसायचो, तर अजून सहा तास शिल्लक. आई म्हणायची, एवढी घाई आहे तर स्वतःच का जात नाहीस चालत. मी चिडायचो. आईचं बरोबर असलं की मी जास्त चिडायचो.

घरात माझ्याइतकाच बेचैन दुसरा माणूस होता तो म्हणजे अण्णा, माझे वडील. ते बसस्थानकावर कंट्रोलर होते. तीसएक वर्षं त्यांनी गाड्या लावल्या आणि सोडल्या. सिन्नरला किती मिनिटं, चांदवडला किती, पेठला अंतर चांदवडपेक्षा कमी असून घाटामुळे वेळ का जास्त, कुठली गाडी चढाला धापा टाकते आणि कुठला ड्रायव्हर उताराला ती भरपाई करतो, हे सगळं त्यांच्या जिभेवर. मग ते रिटायर झाले. पहिले दोन महिने रोज सकाळी सहाला तयार होऊन स्थानकावरच जायचे, केबिनबाहेर उभे राहून गाड्यांच्या वेळा बघायचे आणि उशिरा निघालेल्या ड्रायव्हरला झापायचे. शेवटी नव्या कंट्रोलरनं त्यांना आत बोलावून चहा पाजला आणि हात जोडून सांगितलं की साहेब, आता घरी आराम करा. अण्णा त्या दिवशी पायी घरी आले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आईच्या कुकरच्या शिट्ट्या मोजायला सुरुवात केली. तिसरी शिट्टी काल चार मिनिटं लवकर झाली होती, असं त्यांनी जेवताना सांगितल्यावर आईनं मला डोळ्यांनी खुणावलं की ह्यांना कुठंतरी गुंतव बाबा.

मी नाही गुंतवलं, तेच गुंतले. एकदा मागं येऊन उभे राहिले आणि विचारलं, हे आकडे कसले. मी वैतागून सांगितलं. त्यांनी चष्मा लावला, खुर्ची ओढली, आणि पंधरा मिनिटांत मला तीन महिने न कळलेली गोष्ट विचारली: गाडे सकाळी सोडून घोडे दुपारी का सोडत नाहीस, दोन्ही एकाच वेळी पोचतील की. मी म्हणालो, त्याचा हिशेब करत बसायला वेळ कुणाला आहे. ते म्हणाले, मला आहे.

मग घरात एक लांबडं रजिस्टर आलं. अण्णांनी कॅल्क्युलेटरला हात लावला नाही. दोन गावांमधलं आडवं अंतर, उभं अंतर, त्यांचे वर्ग, बेरीज, आणि मग वर्गमूळ, शाळेत शिकवतात तसं भागाकार मांडून. ह्या जगात घाट नाही, खड्डे नाहीत, रेल्वे फाटक नाही, ह्याचं त्यांना फार हसू यायचं. म्हणायचे, असला रस्ता मला जन्मात मिळाला नाही. आमच्या गटात दहा-बाराजण होते. कुणी कुणाला पाहिलेलं नव्हतं, खेळातल्या टोपणनावांनीच ओळख आणि खेळातल्याच निरोपांवर बोलणं. चांदवडचा एक होता, गावातल्या कॅफेतून खेळणारा, त्याच्याकडे सगळ्यांत मोठं घोडदळ. मालेगावचा एक यंत्रमागवाला होता, त्यानं तीन महिने खपून गाडे जमवले होते. त्या सगळ्यांसाठी अण्णा वेळा काढायला लागले. मालेगावला कोणत्या तासांत लोडशेडिंग, चांदवडला कोणत्या, सिन्नरला कोणत्या, हेसुद्धा त्यांनी विचारून रजिस्टरात पहिल्या पानावर लिहून घेतलं, म्हणजे ऐन निघायच्या वेळी कुणाच्या घरची वीज जायला नको. मी ते टाइप करून पाठवायचो. सगळे त्यांना कंट्रोलर काका म्हणायला लागले. सल्ला विचारायला लागले. काकांना विचारून सांग, असा निरोप आला की अण्णा आतल्या खोलीतून चालत यायचे ते वेगळेच चालायचे. मला खोटं कशाला बोलू, मला त्यांचा थोडा हेवा वाटायचा. गटाचा म्होरक्या मी होतो आणि विचारायचे सगळे त्यांना.

मग तो मोठा हल्ला ठरला. समोरच्या गटाचं मुख्य गाव फोडायचं. आधी घोडदळानं आतलं सैन्य कापून काढायचं, आणि लगेच मागोमाग गाड्यांनी तट फोडायचा. क्रम उलटा झाला, गाडे आधी पोचले, तर आतलं सैन्य त्यांचा चुरा करणार. गाडे बिचारे लढत नाहीत. म्हणून मालेगावच्या माणसानं दोनदा विचारून घेतलं होतं की काका, वेळ नक्की ना.

अण्णा तीन दिवस खपले. घोडे शनिवारी संध्याकाळी साडेपाचला पोचणार, गाडे पाच एकतीसला. मध्ये एक मिनिट. ते त्याला मार्जिन म्हणत. चांदवडची गाडी आली की पुढची गाडी लगेच सोडायची नाही, उतरणाऱ्याला पलीकडच्या फलाटावर चढायला वेळ द्यायचा, तशी ही रीत. मी म्हणालो, एक मिनिट फार होतं, तेवढ्यात ते लोक मदत मागवून घेतील, चांगले खेळाडू दोन सेकंदांच्या फरकानं पोचवतात. अण्णा म्हणाले, "माणूस बटण दाबतो आणि पान उघडतं, ह्याच्यामध्ये वेळ जातो. तो वेळ कुणाचा ते आधी ठरवून ठेवावं लागतं." आणि त्यांनी रजिस्टर मिटलं.

शुक्रवारी संध्याकाळी मी ते वेळापत्रक टाइप केलं. टाइप करताना माझ्या डोक्यात तिडीक गेली. एक मिनिट म्हणे. म्हाताऱ्यांची कामं अशीच, असं मी मनात म्हणालो, हे आज लिहायलासुद्धा नको वाटतं. मालेगावच्या माणसाची निघायची वेळ अण्णांनी काढली होती सकाळी आठ चोवीस. मी ती आठ तेवीस वाजून दोन सेकंद केली. म्हणजे गाडे अठ्ठावन्न सेकंद आधी पोचणार, घोड्यांच्या मागे बरोबर दोन सेकंदांनी. कागदावर एकदम झकास दिसलं. खाली मी नेहमीप्रमाणे लिहिलं, कंट्रोलर काकांचं वेळापत्रक. अण्णांना सांगितलं नाही. जमलं की सांगणार होतो, थोडा भाव खाऊन.

शनिवार आमच्या कंपनीची सुट्टी. सकाळी मालेगावचे गाडे वेळेवर निघाले. दुपारी दोन चाळीसला चांदवडचे घोडे निघायचे होते. निघालेलं सैन्य पहिल्या दीड मिनिटातच परत बोलावता यायचं, नंतर देव आला तरी नाही. दोन बेचाळीस झाले, निरोप नाही. दोन त्रेचाळीसला आला. कॅफेत पान अडकलं होतं, घोडे वीस सेकंद उशिरा गेले. काकांना विचार, चालेल ना?

वीस सेकंद उशीर म्हणजे घोडे साडेपाच वाजून वीस सेकंदांनी. गाडे साडेपाच वाजून दोन सेकंदांनी. गाडे आधी. गाडे सकाळपासून वाटेवर, ते परत फिरत नाहीत. पुन्हा सोडायला दुसरे घोडे नाहीत.

अण्णा शेजारीच बसले होते, शर्टाला इस्त्री करून. त्यांना निरोप वाचून दाखवला. ते एवढे खूश झाले की बस. बघ, म्हणाले, ह्यासाठीच ठेवतात. आणि मला म्हणाले, "लिही त्याला. चालेल. मार्जिन आहे."

त्या क्षणी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं मी. पण अण्णा इतके आरामात बसले होते, आणि मी ते लिहिलं. चालेल, मार्जिन आहे. काका.

पुढचे पावणेतीन तास मी कसे काढले ते माझं मला माहीत. पडद्यावर दोन घड्याळं उलटी चालली होती आणि दोन्ही कुठं जाऊन थांबणार हे मला ठाऊक होतं. एरवी मी त्या घड्याळाला शिव्या द्यायचो की सरकत का नाही. त्या दिवशी ते धावत होतं. मी उठलो, पाणी प्यायलो, गच्चीवर गेलो, खाली आलो, गाडी काढली आणि पाथर्डी फाट्यावरून उगाचच परत आलो. अण्णा हलले नाहीत. आईनं पोहे आणून दिले तर तेही त्यांनी पडद्यासमोर खाल्ले. मला म्हणाले, बस रे एका जागी, गाडी सुटलीय, आता पोचेल ती. मी बसलो नाही. सांगितलंही नाही. मनात वेड्यासारखं चाललं होतं की समोरच्या गावात सैन्यच नसेल, काहीतरी होईल, निभावून जाईल.

नाही निभावलं. साडेपाच वाजून दोन सेकंदांनी मालेगावच्या माणसाचे तीन महिने मातीत गेले. अठरा सेकंदांनी घोडे पोचले तेव्हा वाचवायला काही उरलं नव्हतं.

मग निरोप सुरू झाले. कुणी लिहिलं, दोन सेकंदांचं कसलं मार्जिन. कुणी लिहिलं, म्हाताऱ्याच्या नादी लागून वाट लागली. मी ते अण्णांना दाखवणार नव्हतो, पण ते मागंच उभे होते. शिव्या त्यांनी शांतपणे वाचल्या. ड्रायव्हर-कंडक्टरांच्या शिव्या खाऊन आयुष्य गेलेला माणूस, त्यांना शिव्यांचं काही नव्हतं. पण मग मालेगावच्या माणसाचा निरोप आला, ज्याचं सगळं गेलं होतं त्याचा. जाने दो भाई, काकांना कुणी काही बोलू नका, वय झालं त्यांचं, होतं असं. अण्णांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला आणि आत निघून गेले.

जेवायच्या आधी त्यांनी मला विचारलं, मालेगावला आठ चोवीसच सांगितलं होतंस ना. मी हो म्हणालो. त्यांनी रजिस्टर उघडून वर्गमूळ पुन्हा मांडलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडलं. त्यानंतर रोज. अठ्ठावन्न सेकंद कुठून आले हे ते शोधत होते. आकडे घोटून घोटून पान फाटायला आलं. तोच हिशेब, तेच उत्तर, आणि तरी गाडे आधी पोचलेले. मी बाजूला बसून चहा प्यायचो. हजारदा वाटायचं, आत्ता सांगावं. पण अण्णांना सांगायचं म्हणजे ते म्हणणार, गटाला सांग. आणि ज्यांची तोंडंही मी पाहिली नव्हती त्या दहा-बारा लोकांसमोर माझी इज्जत जायची होती. एवढ्यासाठी गप्प राहिलो. सांगायला लाज वाटते, पण एवढ्याचसाठी.

आठवड्याभरानं त्यांनी रजिस्टर बंद केलं. आईला म्हणाले, चुकायला लागलं माझं. ती म्हणाली, खेळ तो, त्याचं काय एवढं. कुकरकडे त्यांचं लक्ष राहिलं नाही. मीही खेळ उघडणं सोडून दिलं, निरोप बघवत नव्हते.

मग सिन्नरला एका लग्नाला निघालो, अण्णा आणि मी. स्थानकावर गाडी लागली होती. अण्णा पायरीवर थांबले आणि त्यांनी कंडक्टरला विचारलं, "ही सिन्नरला किती वाजता पोचेल हो?"

मी त्यांच्या मागे उभा होतो. कंडक्टरनं वर न बघता वेळ सांगितली आणि अण्णांनी मान हलवली, ती लक्षात ठेवल्यासारखी. मला तिथं फलाटावर रडू आलं असतं. लग्नात मी काय खाल्लं मला आठवत नाही. परतीच्या गाडीत खिडकीजवळ ते बसले, शेजारी मी. मोहदरी घाट उतरल्यावर मी सांगून टाकलं. आठ तेवीस वाजून दोन सेकंद केलं होतं, मी केलं होतं, तुमचं बरोबर होतं.

मला वाटलं होतं ते भडकतील. मी त्याची तयारी केली होती, बसमधल्या लोकांदेखत काय ऐकावं लागेल ह्याचीही. पण त्यांनी आधी विचारलं, म्हणजे वर्गमूळ बरोबर होतं? मी हो म्हणालो. मार्जिन एक मिनिटाचंच होतं? हो. चांदवडचे घोडे चाळीस सेकंद आधी पोचले असते? हो अण्णा. त्यांनी डोळे मिटले आणि श्वास सोडला, आणि नाशिक येईपर्यंत मांडीवर बोटांनी काहीतरी मोजत राहिले. माझ्यावर रागावायचं त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. उतरताना ते म्हणाले, घरी गेलं की लगेच लिही त्यांना, मालेगाववाल्याला आधी.

घरी आल्यावर त्यांनी चपला काढायच्या आत खुर्ची ओढली. मी कॉम्प्युटर सुरू केला, खेळ उघडला. पान वेगळंच होतं. त्या खेळाची एक फेरी असायची, कुणीतरी जिंकला की ते सगळं जग बंद व्हायचं आणि गावं, सैन्य, गट, निरोप, सगळं पुसून नवीन सुरू व्हायचं. पडद्यावर जिंकणाऱ्याचं टोपणनाव होतं आणि खाली बंद झाल्याची तारीख. मी इकडे दाब, तिकडे दाब करून पाहिलं. निरोप लिहायला जागाच नव्हती. फोन नंबर कुणाचा नव्हता, खरं नावही नव्हतं.

अण्णांना समजावून सांगितलं. त्यांनी विचारलं, कधी बंद झालं. परवा, मी म्हणालो. त्यांनी हल्ल्याच्या शनिवारपासून परवापर्यंत बोटांवर मोजलं.

"सतरा दिवस होते तुझ्याकडे," ते म्हणाले.

आवाज चढलेला नव्हता. मी पडद्याकडेच बघत राहिलो, कारण त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती. थोड्या वेळानं ते उठले आणि जाता जाता दारात थांबले.

"तो मालेगावचा चांगला माणूस होता. त्याला आता कायम वाटत राहणार, काकांचं वय झालं होतं म्हणून."

मी हो म्हणालो.